पिल्लाला दिवसातून किती वेळा

“म्हणजे, दिवसातून एकदा पुरत नाही?”

अक्का ओट्यावर बसून वाळत घातलेले आवळे उलटे करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुणाला?”

“या पिल्लाला.”

उद्धवराव काळमेघ पायरीशी उभे होते. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून मांजराच्या पिल्लाचं डोकं बाहेर आलेलं. पिल्लू दीड महिन्याचं होतं, पण दिसत नव्हतं. कान तेवढे वाढले होते. बाकीचं अंग मागे राहिलं होतं.

पौष लागला होता. पूर्णेचं पाणी काठापासून बरंच आत गेलं होतं. मठ नदीच्या वरच्या अंगाला, गावापासून थोडा बाजूला. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे ओटा, कोपऱ्यात कडुनिंब. मठात दोघीच राहत. अक्का ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या तिशीत होत्या. दुसऱ्या मैनाबाई, पन्नाशीच्या, रोजची भिक्षा मागून आणणाऱ्या.

मठाचा नियम जुना होता. दिवसातून एकदाच जेवायचं. सकाळी पाच घरं मागायची. वरण, भाजी, कढी, गोड, तिखट, जे मिळेल ते झोळीतल्या एकाच पितळी गंजात घ्यायचं, कालवून एक करायचं आणि भिंतीकडे तोंड करून, न बोलता खायचं.

उद्धवराव बारा वर्षं मठात येत होते. नियम त्यांना मैनाबाईंपेक्षा चांगले पाठ होते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तालुक्याच्या बसस्थानकावर चौतीस वर्षं खिडकीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त झाले तरी ते आधी वेळ सांगत आणि मग गोष्ट. मागच्या खेपेला मैनाबाई भिक्षेला दहा मिनिटं उशिरा निघाल्या, तेव्हा त्यांनी ते घड्याळासकट दाखवून दिलं होतं.

मैनाबाई म्हणाल्या होत्या, “फलाट कोणता जी, तेही सांगून द्या.”

आषाढात उद्धवरावांची बायको, शालिनीबाई, गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ते दोनदा मठात आले, दोन्ही वेळा एकच मागणं घेऊन. दीक्षा द्या, घर सोडून इथेच येतो. पहिल्या वेळी अक्का म्हणाल्या, बघू. दुसऱ्या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत.

ही तिसरी खेप होती. मागचं सगळं आवरून झालं होतं, असं ते म्हणाले. अडकायला फक्त हे पिल्लू उरलं होतं.

शालिनीबाई मागच्या दारी एका मांजरीला रोज दूध घालत. त्या गेल्यावरही मांजर यायची, बंद दाराशी बसायची आणि निघून जायची. कार्तिकात ती सरपणाच्या खोलीत व्याली. एकच पिल्लू जगलं. मग एक दिवस मांजर आली नाही, ती नाहीच. पिल्लू दोन दिवस ओरडत राहिलं. तिसऱ्या दिवशी उद्धवरावांनी दार उघडलं.

आता ते मठानं ठेवून घ्यावं, म्हणजे ते मोकळे होतील. पण आजारी जीव तसाच द्यायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पिल्लू नीट खात नव्हतं. कालपासून तर त्यानं कशालाच तोंड लावलं नव्हतं. ते अशानं किती दिवस काढील, हे त्यांना समजत नव्हतं. म्हणून ते विचारत होते.

अक्कांनी विचारलं, त्याला घालतोस काय?

उद्धवराव जरा ताठ उभे राहिले.

“मी खातो तेच.”

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. आषाढापासून ते घरी मठाचाच नियम पाळत होते. दुपारी बाराच्या ठोक्याला एकदा जेवण. वरण, भाजी, चटणी, ताक, सगळं एका भांड्यात कालवून, भिंतीकडे तोंड करून. पिल्लू आल्यापासून त्यालाही त्याच वेळी, त्याच भांड्यातलं, एका बशीत. आधी आपलं आणि मग त्याचं असंही त्यांनी केलं नव्हतं. दोघांचं एकदम. पाच महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता.

अक्कांचा हात आवळ्यांवर थांबला.

“यानं दीक्षा कधी घेतली?”

आतल्या खोलीत मैनाबाई हसल्या. त्यांनी ते लपवलं नाही.

“आपपरभाव नको म्हणून केलं, अक्का,” उद्धवराव म्हणाले. “त्याला वेगळं, मला वेगळं...”

“त्याला विचारलं होतंस?”

“ते काय सांगणार?”

“कालपासून सांगतंय ना.”

मैनाबाई बाहेर आल्या. पिल्लाच्या पोटाखाली हात घालून त्यांनी ते पिशवीतून उचललं आणि तळहातावर जोखून पाहिलं. त्यांचं हसू गेलं.

“काऊन जी कंट्रोलर,” त्या म्हणाल्या, “याले चटणी घातली तुम्ही?”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि बराच वेळ सांगत राहिल्या. हे लेकरू आहे. लेकराचं पोट आपल्या अंगठ्याएवढं. एकदम भरता येत नाही आणि भरलेलं टिकत नाही. या वयात दिवसातून चार वेळा द्यायचं, थोडं थोडं. दूध पातळ करून, त्यात भात मऊ कुस्करून. चार महिन्यांचं झालं की तीनदा. सहा-सात महिने झाले, अंग भरलं, की मग दोनदा दिलं तरी चालतं. पाण्याची वाटी वेगळी. तिखट नाही, मीठ नाही, फोडणी नाही. एवढं सांगून त्या अडखळल्या आणि अक्कांकडे पाहू लागल्या. पुढचं मठातल्या तोंडानं सांगायचं नव्हतं.

ते अक्कांनी सांगितलं.

“आणि अंडं. उकडून, बारीक करून. मासळी मिळाली तर मासळी.”

“अक्का, तुम्ही हे सांगता?”

“नियम माझा आहे. दात त्याचे आहेत.”

अक्कांच्या औषधासाठी सकाळी वाटीभर दूध येई. ते मैनाबाईंनी पिल्लापुढे ठेवलं. पिल्लू वाटीपर्यंत गेलं. वास घेतला. मग वाटीकडे पाठ करून बसलं.

तिघांनी थोडा वेळ वाट पाहिली. मैनाबाईंना निघायची वेळ झाली होती. त्यांनी झोळी खांद्याला लावली आणि उतरताना उद्धवरावांच्या मनगटाकडे पाहिलं.

“वेळेवर हाय ना जी?”

उद्धवरावांनी घड्याळ पाहिलं नाही.

मैनाबाई गेल्यावर अक्कांनी आवळे पुन्हा हातात घेतले. “ठेव त्याला इथं,” त्या म्हणाल्या. “तू जा.”

“आणि माझं?”

“ते सोडायचं होतं ना? सोड. मग तुझं बघू.”

उद्धवरावांनी ओट्याला डोकं टेकलं. पिशवीची घडी केली, खिशात ठेवली आणि ते निघाले. मठापासून फाटा दहा मिनिटांच्या चालीवर होता. दहा पन्नासची गाडी त्यांना सहज मिळाली असती.

अकरा वाजता ते पुन्हा पायरीशी होते.

“गाडी चुकली?”

“नाही. एक सांगायचं राहिलं.” त्यांना थोडी धाप लागली होती. “दूध कोमट लागतं त्याला.”

“तुला कसं ठाऊक?”

“ही द्यायची ना त्याच्या आईला. आधी बोट बुडवून बघायची.”

“मग तू दिलंस कधी कोमट?”

“नियमात थंड-गरम बघायचं नसतं.”

अक्कांनी मान हलवली. अंघोळीच्या पाण्याची चूल अजून निवली नव्हती. त्यांनी वाटी उचलून आत नेली, चुलीच्या कडेला ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसून राहिल्या. उद्धवराव थोडं थांबले. मग ते पुन्हा निघाले.

या वेळी ते कडुनिंबापर्यंतच गेले.

अक्कांनी वाटी बाहेर आणून पिल्लापुढे ठेवली होती. पिल्लानं एकदा जीभ लावली, वर पाहिलं आणि थांबलं. अक्का आवळ्यांकडे वळल्या होत्या. उद्धवरावांना झाडाखालून हे सगळं दिसत होतं.

ते परत आले.

“शेजारी कुणीतरी बसावं लागतं,” ते म्हणाले. “बसलं तर खातं. उठलं की थांबतं.”

“तू तर भिंतीकडे तोंड करून जेवतोस.”

“हो.”

“मग हे कळलं कसं?”

उद्धवराव पिल्लाकडे पाहत राहिले.

“एकदा बसलो होतो,” ते म्हणाले. कबुली द्यावी तसं म्हणाले.

“एकदाच?”

“नंतर बसलो नाही. सवय लागली असती.”

“कुणाला?”

अक्कांनी त्यांच्यासाठी ओट्यावर जागा केली. आवळ्यांचं फडकं अलीकडे ओढून घेतलं.

“बस.”

“अकरा पंचविसची गाडी आहे अक्का.”

“असू दे.”

उद्धवराव बसले. एसटीच्या बाकावर बसावं तसे, गुडघ्यांवर हात ठेवून, कधीही उठता येईल असे. पिल्लानं त्यांच्याकडे पाहिलं. मग वाटीत तोंड घातलं. सुरुवातीला नाकातच दूध गेलं, ते शिंकलं, मागे सरलं, पुन्हा आलं. नंतर त्याची लय लागली. ओट्यावर एवढाच आवाज होता. वाटीतलं दूध बोटभर उतरलं, तेव्हा ते उद्धवरावांच्या चपलेपाशी येऊन बसलं आणि पंजानं तोंड पुसू लागलं.

फाट्यावरून हॉर्न ऐकू आला. गाडी थांबली, सुटली. चौतीस वर्षांत उद्धवरावांनी दुसऱ्यांच्या गाड्या चुकलेल्या पाहिल्या होत्या. खिडकीशी येऊन चिडणारी, रडणारी, हात जोडणारी माणसं. त्यांना ते एकच सांगत, आता पुढची.

“आता जा,” अक्का म्हणाल्या. “खाल्लं त्यानं.”

उद्धवराव उठले. पायरी उतरले. फाटकाशी गेले आणि फाटकावर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. अक्कांनी तिकडे पाहिलं नाही, पण हातातलं काम थांबवलं होतं.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा पायरीपर्यंतही आले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, “झोपताना त्याला काहीतरी मऊ लागतं. साडी चालते.”

“कुणाची?”

“जुनी.”

अक्कांनी आणखी काही विचारलं नाही.

मैनाबाई बाराला आल्या. झोळीतला पितळी गंज काढून त्यांनी ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि कालवायला घेतलं. उद्धवराव अजून अंगणातच आहेत हे पाहून त्यांनी अक्कांकडे भुवया उंचावल्या. अक्का म्हणाल्या, आज तीन पानं घे.

उद्धवराव हातपाय धुऊन आले. आपलं पान उचलून ते भिंतीशी गेले, भिंतीकडे तोंड करून बसले. पाठ सरळ. मांडी व्यवस्थित. बारा वर्षं ते या बैठकीचं निरीक्षण करत होते आणि पाच महिने सराव.

“इकडे तोंड कर,” अक्का म्हणाल्या.

“नियमात...”

“कर.”

ते वळले. तिघांच्या मध्ये गंज होता. पिल्लू त्याच्याभोवती एकदा फिरून उद्धवरावांच्या मांडीला अंग लावून बसलं. त्यांनी ते बाजूला केलं नाही.

“आपण कालवतो कशाला?” अक्कांनी विचारलं.

हे तर पाठच होतं. उद्धवराव म्हणाले, चव जिभेला चिकटू नये म्हणून. आज चव चिकटते, उद्या ती देणारा हात चिकटतो, परवा ते घर. म्हणून संन्याशानं सगळं एक करून खावं.

“तुझ्या जिभेला काय चिकटत होतं?”

“माझ्या?”

“तू घरी कालवायला लागलास. आषाढात. कुणी सांगितलं नव्हतं.”

नदीकडून वारा आला. कडुनिंबाची पानं पत्र्यावर पडली. मैनाबाई गंजातला हात तसाच ठेवून थांबल्या.

“ही गेली त्या दिवशी,” उद्धवराव म्हणाले, “शेजारून वरणभात आला होता.”

“चांगला होता,” ते पुढे म्हणाले. “त्यांनी मनापासून केला होता. पहिला घास घेतला आणि... ते वरण वेगळं होतं. वाईट नव्हतं. वेगळं होतं. सदतीस वर्षांत मी कधी दुसऱ्या हातचं वरण घरात बसून खाल्लं नव्हतं.”

“मग?”

“मग ताक घातलं त्यात. लोणचं घातलं. भाजी घातली. सगळं कालवलं.” त्यांनी पानाकडे पाहिलं. “कालवलं की कुणाच्या हातचं ते कळत नाही.”

पिल्लानं जांभई दिली.

अक्कांनी हात पुढे केला. मैनाबाईंनी कालवलेल्यातला एक घास त्यांच्या तळहातावर ठेवला. अक्कांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावला. त्यांना दात थोडेच उरले होते.

“वरण देशमुखांकडचं,” त्या म्हणाल्या. “पण म्हातारीच्या हातचं नाही. सुनेनं केलंय. म्हातारीचा गुडघा पुन्हा धरला वाटतं.”

“धरला,” मैनाबाई म्हणाल्या. “बाजेवर होती.”

“भाकर तुळसाची. एका अंगानं करपली आहे. एकटी असते ना. तव्यावर भाकर टाकते आणि दाराशी येऊन रस्ता बघत उभी राहते.”

मैनाबाईंनी मान हलवली.

“कढी आंबट. धांडे गुरुजींची लेक माहेरी आली असेल.”

“सातवा लागला तिला.”

“आंबाडीची भाजी... ही नवीन आहे. पुलाजवळचं घर?”

“हो. बिऱ्हाड आलं नवीन. कर्नाटकाकडचे हायेत म्हणे.”

अक्का थांबल्या. जीभ टाळूला लावून त्यांनी काहीतरी शोधलं. मग डोळे उघडले.

“आणि या भाताला मीठच नाही.”

मैनाबाईंनी खाली पाहिलं. “नारायण बुरड्याच्या घरचा,” त्या म्हणाल्या. “मी पुढं चालली होती अक्का. परवा त्याची बायको गेली, सुतक हाय. पण त्यानंच हाक मारली. म्हणे, आज पहिल्यांदा भात टाकला, कोणीतरी घ्या.”

“घेतलास ते बरं केलंस.”

उद्धवराव अक्कांकडे पाहत होते. पन्नास वर्षं ही बाई कालवून खात होती. त्यांनी तिच्यासारखं व्हायचं म्हणून पाच महिने एकही घास वेगळा घेतला नव्हता.

“तुम्हाला कळतं?” त्यांनी विचारलं. “सगळं एक केल्यावरही?”

“कळतं.”

“अजून?”

“रोज थोडं जास्तच कळतं.”

“मग कालवायचं कशाला, अक्का?”

“पाचही घरं एकदम आत यावीत म्हणून.”

मैनाबाईंनी पानं वाढली. तिघं जेवू लागले. उद्धवरावांनी पहिला घास घेतला आणि तो बराच वेळ तोंडात ठेवला. त्यांची मान खाली होती. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. एकदा ते नुसतं म्हणाले की ही आंबाडीत लसूण भरमसाट घालायची; मी बोलायचो तिला. मैनाबाई म्हणाल्या, घालावाच लागते जी, नाहीतर आंबाडी कशाची. एवढंच बोलणं झालं. मिठाशिवायच्या भाताचं एक शीत पिल्लानं त्यांच्या पानाच्या कडेचं उचललं. त्यांनी आणखी चार शितं बोटानं मऊ करून कडेला सरकवली.

जेवण झालं. मैनाबाईंनी ओटा पुसला. ऊन पायऱ्यांवरून खाली उतरलं. पिल्लू कुठेतरी आत गेलं होतं.

उद्धवराव उभे राहिले. सकाळी आले होते तसेच पायरीशी उभे राहिले, पण आता त्यांच्या हातात काही नव्हतं.

त्यांनी सांगितलं की तुम्ही सांगितलंत ते सगळं मला पटलं. घरी मी चुकीचं करत होतो. म्हणूनच आता इथं राहून, तुमच्याजवळ राहून, बरोबर शिकायचं आहे. पिल्लूही इथंच राहील. चार वेळा, मग तीन वेळा, सगळं मीच बघीन. घरात आता परत जाण्यासारखं माझं काही नाही.

अक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. त्यांना वेळ लागला. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर झोळी होती. कोरी, धुवट, चार टोकांना गाठ मारलेली.

दीक्षेच्या वेळी गुरूनं शिष्याला पहिल्यांदा जे द्यायचं असतं, ते हेच. उद्धवरावांचा चेहरा बदलला. ते पायरीवर गुडघे टेकून बसले. दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढे केले.

अक्कांनी झोळी त्यांच्या हातांवर ठेवली.

झोळी उबदार होती. आत काहीतरी हललं.

“अक्का...”

“पहिली भिक्षा कुठली असते?”

“स्वतःच्या घरची.” हेही त्यांना पाठ होतं. “स्वतःच्या घरच्या दारात उभं राहून मागायची. घरच्या बाईनं वाढलेली घ्यायची. त्याशिवाय दुसऱ्याच्या दारात...”

ते थांबले. बारा वर्षं त्यांनी हा नियम लोकांना म्हणून दाखवला होता. म्हणताना एकदाही तो त्यांना असा लागला नव्हता.

“दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकता येत नाही,” अक्कांनी वाक्य पुरं केलं. “जा. मागून आण.”

“माझ्या घरी?”

“तुझ्याच.”

“वाढायला कुणी नाही.”

अक्कांनी झोळीची गाठ चाचपून पाहिली.

“वाढायचं तर सोडाच,” उद्धवराव म्हणाले. त्यांचा आवाज खिडकीतून घोषणा करणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता. “मी दारात उभा राहून हाक मारीन. आतून कोण येणार? दार उघडायलासुद्धा घरात कुणी नाही, अक्का.”

झोळीत पिल्लू कूस बदलून पुन्हा निजलं. उद्धवरावांनी दोन्ही हात न हलवता तसेच धरून ठेवले होते.

“येताना कुलूप लावलंस?” अक्कांनी विचारलं.

“लावलं.”

“मग आत कुणाला कोंडून आलास?”